परतलेली मंडळी आणि छापील संहिता : रायगड किनाऱ्यावरील उत्सवी नाटकाच्या निवडीसंबंधी काही विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

मराठी रंगभूमीच्या इतिहासात नाटककार, नट आणि व्यावसायिक नाटकमंडळ्या यांचा विचार पुष्कळ झाला आहे. त्या मानाने एका चौथ्या घटकाकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले. तो घटक म्हणजे नाटक निवडणारी हौशी मंडळी. गावच्या यात्रेसाठी वर्षातून एकदा जमणारी ही माणसे छापील नाटकांतून एक पुस्तक उचलतात आणि त्यावर महिना-दोन महिने श्रम करतात. निवड चुकली, तर केवळ एक रात्र वाया जाते असे नाही. पुढच्या वर्षी मंडळी जमेल की नाही, हेही त्याच निवडीवर ठरते.

प्रस्तुत लेखात हा प्रश्न रायगड जिल्ह्याच्या, म्हणजे १९८१ पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याच्या, किनाऱ्याच्या संदर्भात मांडावयाचा आहे. बऱ्याच काळाने पुन्हा एकत्र आलेल्या मंडळींनी तयार संहिता निवडताना कोणती कसोटी लावली आणि ती का लावली, एवढाच त्याचा विषय. लेखाच्या उत्तरार्धात एका सर्वस्वी वेगळ्या वाटणाऱ्या क्षेत्राचा आधार घेतला आहे. मेजाभोवती बसून, एकेक पात्र अंगीकारून खेळावयाचे जे भूमिकाखेळ गेल्या पन्नास वर्षांत जगभर पसरले, त्यांतही नेमका हाच प्रश्न उभा राहिला आहे. दोन्हींची तुलना केली असता आपल्या उत्सवी नाटकाचे एक लक्षण अधिक स्पष्ट होते.

२. संहितेपूर्वीचा खेळ

छापील नाटक निवडण्याचा प्रश्न मराठी रंगभूमीच्या आरंभी नव्हताच. कारण छापील नाटक नव्हते. १८४३ साली सांगली येथे विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हा रचलेला भाग मुख्यतः पदांचा होता. ती पदे सूत्रधार म्हणे. पदातून प्रसंग उभा राहिला की त्या प्रसंगाचे पात्र पुढे येऊन आपले भाषण ऐनवेळी, स्वतःच्या बुद्धीने करी. विदूषक मध्येच लुडबूड करी, राक्षस आरडाओरडा करीत रंगभूमीवर उडी घेत. या आरोळ्यांवरूनच पुढे त्या नाटकांना ‘अलललडुर्र’ असे थट्टेचे नाव पडले. भाव्यांची पदे ‘नाट्यकवितासंग्रह’ या नावाने प्रसिद्ध झाली ती १८८५ साली, म्हणजे पहिल्या प्रयोगानंतर साडेतीन तपे लोटल्यावर.

या पद्धतीची एक सोय होती. आख्यान सर्वांना ठाऊक. सीतेचे स्वयंवर कसे झाले, हे नटालाही माहीत आणि प्रेक्षकालाही. एखादा नट आला नाही, तर प्रसंग आवरता येई. चार माणसे अधिक आली, तर राक्षसांची संख्या वाढे. मात्र या सोयीची किंमतही होती. सगळा खेळ सूत्रधाराच्या स्मरणावर आणि समयसूचकतेवर उभा राही. सूत्रधार नाही, तर खेळ नाही.

विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ हे नाटक १८६१ साली आले आणि भाषणेही लेखकाने लिहावयाची, नटाने ती पाठ करावयाची, हा प्रकार रुळू लागला. अशा नाटकांना त्या काळी ‘बुकिश’ म्हणत. त्या शब्दात थोडी टीका असली, तरी त्यात एक मोठे परिवर्तन नोंदलेले आहे. खेळाचे स्मरण सूत्रधाराच्या डोक्यातून पुस्तकात गेले. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’ने पदेही पात्रांच्या तोंडी घातली, आणि जुन्या सूत्रधाराचे उरलेसुरले कार्य नांदी व प्रस्तावना यांपुरते राहिले. यानंतर एखाद्या गावाला नाटक करावयाचे, तर प्रतिभावान सूत्रधार शोधण्यापेक्षा पुस्तक विकत आणणे सुलभ झाले. निवडीचा प्रश्न जन्माला आला तो येथे.

३. समुद्रापलीकडून येणारी पात्रे

मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंतचा हा किनारा मुंबईच्या अगदी समोर पडतो. त्यामुळे येथील कर्त्या माणसांची एक पिढीच्या पिढी गिरणीत, गोदीत, छापखान्यात किंवा कचेरीत कामाला लागली. घर गावात आणि पोट मुंबईत, अशी ही व्यवस्था होती. चाकरमानी सणाला परते, ते भाऊच्या धक्क्यावरून रेवसला उतरून, पुढे बैलगाडीने, मोटारीने किंवा पायी. हे परतणे नेहमी निर्धोक नसे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. आषाढी अमावास्येसाठी घरी निघालेले लोक तिच्यात मोठ्या संख्येने होते. किनाऱ्यावरच्या कित्येक गावांच्या स्मरणात ही तारीख आजही आहे.

उत्सवाचा हंगामही समुद्राने आखून दिलेला. पावसाळ्यात किनाऱ्याने दक्षिणेकडे जाणारी बोटवाहतूक थांबे. म्हणून कार्तिकापासून वैशाखापर्यंतचा काळ हाच यात्रांचा आणि पर्यायाने नाटकांचा काळ ठरला. वरसोलीच्या विठोबाची कार्तिकातील यात्रा, चौलच्या दत्ताची मार्गशीर्षातील यात्रा, फाल्गुनातील शिमगा, चैत्रातील रामनवमी व हनुमानजयंती अशी ती माळ आहे. अशा दिवसांना जोडून गावोगाव नाटके होत, आणि ती करणारे अर्धे लोक मुंबईचे असत.

येथे छापील पुस्तकाचा एक उपयोग लक्षात घेण्याजोगा आहे. मुंबईकर मंडळाची तालीम चाळीच्या खोलीत रात्रपाळी सांभाळून चाले. ग्रामस्थांची तालीम देवळाच्या सभामंडपात चाले. दोन्हीकडे पुस्तक एकच असल्यामुळे, दोन तुकड्या आठ दिवस आधी गावात भेटल्या तरी त्यांचे संवाद जुळत. प्रत्येकाने आपली नक्कल, म्हणजे आपल्या भूमिकेचे भाषण, वहीत उतरवून घ्यावयाची आणि पाठ करावयाची, ही रीत होती. मध्ये समुद्र असताना एकच नाटक दोन ठिकाणी बसविण्याची ही किमया मुद्रणाने साधली. भाव्यांच्या पद्धतीत ती शक्य नव्हती.

४. निवडीच्या कसोट्या

आता प्रत्यक्ष निवड कशी होई ते पाहू. हौशी मंडळी पुस्तकाचे पहिले पान उघडते ते कथानकासाठी नव्हे, पात्रांच्या यादीसाठी. आपल्याकडे माणसे किती, हा तिचा पहिला प्रश्न. त्यातही दोन प्रकार असतात. नक्की येणारी माणसे निराळी आणि रजा मिळाली तर येणारी निराळी. अनुभवी मंडळी मोठ्या भूमिका पहिल्या वर्गाला देते आणि दुसऱ्या वर्गासाठी शिपाई, हुजऱ्या, पाहुणा अशा भूमिका राखते, की ज्या ऐनवेळी कोणीही चालवून नेईल. ज्या नाटकात सर्व पात्रे सारखीच अपरिहार्य असतात, ते वाङ्मय म्हणून कितीही सरस असो, अशा मंडळींना धोक्याचे असते. एक बोट चुकली की सारा अंक कोसळतो.

दुसरी कसोटी स्त्रीपात्रांची. गावात स्त्रियांनी रंगभूमीवर येणे दीर्घकाळ अशक्यप्राय होते. शहरात ‘आंधळ्यांची शाळा’ १९३३ साली स्त्रियांनी स्त्रीभूमिका करून रंगभूमीवर आली, तरी खेड्यात लुगडे नेसणारा पुरुष त्यानंतरही बराच काळ टिकला. प्रकाशकांनी ही अडचण ओळखली होती. मुखपृष्ठावर ‘स्त्रीपात्रविरहित’ असे ठळक छापलेली नाटके शाळांसाठी आणि हौशी मंडळींसाठी निघत, ती याच गरजेपोटी. पुढे मुंबईहून मानधनावर नटी आणण्याची प्रथा पडली, आणि मग ‘स्त्रीपात्रे दोन’ की ‘स्त्रीपात्रे चार’ हा प्रश्न अब्रूचा न राहता वर्गणीचा झाला.

तिसरी कसोटी गाण्याची. ‘सौभद्र’ (१८८२) किंवा ‘शारदा’ (१८९९) निवडावयाचे, तर गाणारा नट हवा, पेटी व तबला वाजविणारे साजिंदे हवेत. यांतले काही नसेल, तर ऐतिहासिक गद्य नाटक बरे. विशेषतः या किनाऱ्यावर, जेथे मागे वळून पाहिले की सह्याद्रीच्या अंगाला रायगड आहे आणि पुढे पाहिले की कुलाब्याचा किल्ला पाण्यात उभा आहे, तेथे शिवकालीन नाटकाला श्रोता आधीच तयार असे. वि. ह. औंधकरांच्या ‘बेबंदशाही’सारख्या नाटकाचे, किंवा १९६२ नंतर वसंत कानेटकरांच्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’चे आकर्षण केवळ वाङ्मयीन नव्हते. तेथील कथा लोकांच्या ओळखीची होती. पौराणिक आख्यानाने भाव्यांना जी सोय दिली, तीच सोय येथे इतिहासाने दिली.

चौथी कसोटी परवानगीची. १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याने सरकारला नाटक बंद पाडण्याचा अधिकार मिळाला. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले आणि १९१० साली त्यावर बंदी घातली गेली, हे सर्वश्रुत आहे. स्वातंत्र्यानंतरही प्रयोगापूर्वी संहिता तपासून घेण्याची पद्धत महाराष्ट्रात राहिली. शिवाय लेखकाची अनुमती आणि तिचे मानधन हा भाग होताच. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानंतर त्याकडे काणाडोळा करणे कठीण झाले. या सर्वांचा परिणाम असा की, नव्याने लिहिलेल्या नाटकापेक्षा अन्यत्र शंभरदा झालेले, तपासलेले, छापलेले नाटक मंडळींना जवळचे वाटे. कलेच्या दृष्टीने ही भीरुता म्हणता येईल. पण आठ दिवसांची रजा काढून आलेल्या माणसाला प्रयोगाच्या आदल्या दिवशी ‘खेळ होणार नाही’ हे ऐकविणे कोणत्याही मंडळींना परवडणारे नव्हते.

या चारही कसोट्यांत नाटकाच्या गुणवत्तेचा उल्लेख नाही, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. गुणवत्तेचा विचार होत नसे असे मुळीच नाही. तो शेवटी होई. आधीच्या चाळणीतून जी तीन-चार पुस्तके उरत, त्यांच्यापुरता होई. म्हणून अमुक नाटक खेड्यांत लोकप्रिय होते यावरून ग्रामीण अभिरुचीविषयी निष्कर्ष काढताना सावध राहिले पाहिजे. ती लोकप्रियता कित्येकदा पात्रांच्या यादीची असते.

उलटपक्षी, जुनेच नाटक पुन्हा करण्याचा मोहही मोठा असे. नकला पाठ असतात, पडदे ठाऊक असतात. परंतु बारा वर्षांपूर्वी नायिका झालेला तरुण आता मुलाबाळांचा बाप झालेला असतो, आणि त्या वेळचा नायक मुंबईतच राहिलेला असतो. जुन्या प्रयोगाची आठवण नव्या प्रयोगाच्या मानगुटीस बसते. गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ (१९८०) या मालवणी नाटकात कोकणातल्या एका गावच्या नाटकाची जी तारांबळ दाखविली आहे, ती विनोदासाठी वाढविलेली असली, तरी तिचे मूळ या परिस्थितीत आहे.

५. याच किनाऱ्यावरील आणखी एक उदाहरण

संहिता छापली असता विखुरलेली मंडळी पुन्हा कशी जुळते, याचा दाखला नाटकाबाहेरही सापडतो. या किनाऱ्यावरील बेने इस्रायल समाजाची किहीमकर, दिवेकर, राजपूरकर, अष्टमकर ही आडनावे गावांवरूनच पडली आहेत. हा समाज एकोणिसाव्या शतकात मोठ्या प्रमाणात मुंबईत आला. तेथे १८८० साली त्यांच्यातील काही मंडळींनी कीर्तनोत्तेजक मंडळ स्थापिले आणि बायबलाच्या जुन्या करारातील पुरुषांची चरित्रे मराठी कीर्तनाच्या साच्यात बसवून ती छापली. पूर्वरंग, उत्तररंग, साकी, दिंडी, आर्या सर्व काही आपल्या परिचयाचे. आख्यान तेवढे अब्राहामाचे किंवा मोशेचे. १९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. पण ही पदे तेथेही म्हटली गेली, आणि त्यांत स्त्रियांचा वाटा विशेष राहिला.

हे कीर्तन टिकण्याचे एक कारण त्याच्या घडणीत आहे. प्रत्येक आख्यान स्वतःपुरते पूर्ण असते. मागील वर्षी कोण आले होते, कोठे थांबलो होतो, याची आठवण ठेवावी लागत नाही. चार माणसे जमली तर चार पदे होतात, चाळीस जमली तर संपूर्ण आख्यान होते.

६. मेजाभोवतीचा खेळ

आता ज्या तुलनेचा आरंभी निर्देश केला तिच्याकडे वळू. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ तीन पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध केला. त्याची रीत अशी. एक जण सूत्रधार होतो आणि प्रसंग वर्णन करून सांगतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात; आपले पात्र काय बोलेल, काय करील, हे ऐनवेळी ठरवितात. कृत्य साधेल की फसेल असा संशय असेल, तेथे फासे टाकतात. अशा अनेक बैठकींची मिळून एक दीर्घ कथा होते, तिला ‘मोहीम’ म्हणता येईल. भाव्यांच्या रंगभूमीशी याचे साम्य कोणाच्याही लक्षात येईल. सूत्रधार आहे, आख्यान आहे, आणि भाषण ज्याचे त्याने स्फूर्तीने करावयाचे आहे.

या खेळाच्या वाटचालीतही मुद्रणाचे वळण आलेच. प्रथम सूत्रधार सर्व कथा स्वतः रची. १९७५ मधील ‘ब्लॅकमूर’ या पुरवणीत एक तयार प्रसंगमाला छापली गेली, आणि १९७८ पासून मूळ प्रकाशकाने स्वतंत्र पुस्तिका काढण्यास सुरुवात केली. १९८४ साली ‘कॉल ऑफ क्थुलू’ या खेळासाठी ‘मास्क्स ऑफ न्यार्लाथोटेप’ ही प्रदीर्घ मोहीम निघाली. तीत पात्रे न्यूयॉर्कपासून लंडन, कैरो, केनिया आणि शांघायपर्यंत धागेदोरे शोधीत जातात. मात्र येथे मुद्रणाने भाषण लिहून दिले नाही. केवळ स्थळे, माणसे, रहस्ये आणि संकटे लिहून दिली. म्हणजे ही पुस्तके कीर्तन्यांच्या नाटकापेक्षा भाव्यांच्या पदसंग्रहाला जवळची आहेत.

समजा, महाविद्यालयात असताना हा खेळ खेळणारे पाच-सहा मित्र दहा वर्षांनी पुन्हा जमले. १९७४ नंतर जन्मलेल्या पिढीला, मुंबई-पुण्यातही, ही स्थिती अपरिचित नाही. त्यांनी कोणती मोहीम निवडावी? साहजिक ओढ सर्वांत नावाजलेल्या, सर्वांत दीर्घ मोहिमेकडे असते. जुनी हौस पुरी करावयाची असते. परंतु अशा मोहिमेत तिसऱ्या बैठकीत सापडलेला धागा पंधराव्या बैठकीत लागतो, आणि पंधराव्या बैठकीला तो धागा ज्याला सापडला तोच नसतो. किनाऱ्यावरच्या मंडळींची चुकलेली बोट ती हीच. याच कारणाने २०२१ मधील ‘कँडलकीप मिस्टरीज’ यासारखे संग्रह अशा गटांना उपयोगी पडतात. त्यात सतरा स्वतंत्र कथा आहेत. एकेक कथा थोडक्या बैठकींत संपते आणि इच्छा असल्यास त्या एका सूत्रात ओवताही येतात. बेने इस्रायलांच्या आख्यानमालेची घडण याहून फार निराळी नाही.

यावर असा आक्षेप येईल की, सुटी आख्याने म्हणजे उथळपणा. खरा रस दीर्घ कथेतच आहे. आक्षेपात तथ्य आहे. पण दीर्घ कथेचा रस घेण्यासाठी प्रथम मंडळी टिकली पाहिजे. उत्सवी नाटकांच्या इतिहासात मोठी नाटके झाली नाहीत असे नाही. ती झाली, पण बहुधा लहान नाटकांवर हात बसल्यानंतर, कोण खरोखर येतो आणि कोण नुसता शब्द देतो हे कळल्यानंतर. पुन्हा जमलेल्या मंडळींची पहिली निवड ही परीक्षा असते, पराक्रम नव्हे.

७. उपसंहार

या विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, तयार संहिता ही आळशी माणसाची सोय नव्हे. दुरावलेल्या माणसांना एकत्र आणणारे ते एक सामाईक स्मरण आहे. दुसरी, त्या संहितेची योग्यता तिच्या अंगच्या गुणांवर जेवढी, तेवढीच ती किती गैरहजेरी सोसू शकते यावर अवलंबून असते. तिसरी, पुस्तक कितीही चांगले असले, तरी ते कापण्याचा, जोडण्याचा आणि आवरण्याचा अधिकार कोणा एकाकडे असावा लागतो. गावात तो तालीममास्तराकडे असे. मेजाभोवती तो सूत्रधाराकडे असतो. १८६१ नंतर सूत्रधार पुस्तकात विरघळला असे आपण समजतो. वस्तुतः तो विंगेत, हातात पुस्तक घेऊन उभा होता.

अभ्यासकांच्या दृष्टीने यातून एक काम पुढे येते. उत्सवी नाटकांच्या वापरलेल्या प्रती, त्यांतील काटछाटीच्या खुणा, नकलांच्या वह्या आणि वर्गणीचे हिशेब ही साधने वाङ्मयेतिहासात फारशी घेतली जात नाहीत. रायगड किनाऱ्यावरील जुन्या घरांच्या माळ्यांवर अशा वह्या असण्याचा संभव आहे, आणि ती घरे झपाट्याने पडत आहेत. मांडव्याला २०२० पासून मोटारीसह उतरता येते, २०२४ पासून अटल सेतूने शिवडीहून थेट न्हावाशेव्याकडे जाता येते. परतणे कधी नव्हे इतके सोपे झाले आहे. परतलेल्यांनी माळ्यावरच्या या वह्या रद्दीत घालण्यापूर्वी एकदा उघडून पाहाव्यात. कोणत्या वर्षी कोण आला होता आणि कोण आला नाही, याची गावाजवळची एकमेव नोंद कदाचित त्यांतच सापडेल.